रेकॉर्डर शिकताना: आधी फुंक, मग बोटं

रेकॉर्डर हे टोकाकडून फुंकायचं, बासरीसारखं पाश्चात्त्य वाद्य. ते तोंडाला लावून फुंकलं की लगेच आवाज येतो. बासरीवर नुसता स्वर धरायला आठवडे जातात, इथे पहिल्या मिनिटाला काहीतरी वाजतंच. म्हणूनच बरेच जण हे मुलांचं खेळणं समजतात, जोरात फुंकतात आणि ते किंचाळलं की बाजूला ठेवून देतात. खरी अडचण आवाज काढण्याची नसते, तो आवरण्याची असते.

बासरीत हवेचा झोत आपण ओठांनी घडवतो. त्याचा कोन, जाडी आणि दिशा सगळं ओठांच्या हातात असतं. रेकॉर्डरमध्ये टोकाशी एक ठोकळा बसवलेला असतो आणि त्याच्यावरच्या अरुंद फटीतून जाताना झोत आपोआप घडतो. पुढे तो खिडकीच्या धारदार कडेवर आदळतो आणि स्वर उमटतो. जत्रेत मिळणारी, टोकाकडून फुंकायची बासरी याच कुळातली. या सोयीची किंमत अशी, की बेसूर लागलेला स्वर ओठ हलवून सुधारता येत नाही. फुंक वाढली की स्वर चढतो, कमी झाली की उतरतो आणि फारच वाढली की वरच्या सप्तकात उडी मारतो. एकसारखी, मऊ फुंक हा म्हणूनच इथला पहिला धडा आहे. बोटं त्यानंतर.

कोणतं वाद्य घ्यावं

सुरुवातीला सोप्रानो, म्हणजे लहान आकाराचा रेकॉर्डर घ्या. लांबी साधारण ३२-३३ सेंटिमीटर, सगळ्यात खालचा स्वर सी, म्हणजे हार्मोनियमची पांढरी एक, पण मधल्या सप्तकातल्या सीच्या एक सप्तक वरची. याचं लेखन खऱ्या आवाजापेक्षा एक सप्तक खाली करायची पद्धत आहे, त्यामुळे पाश्चात्त्य स्वरलिपीतून शिकताना गोंधळू नका. आल्टो मोठा असतो आणि त्याचा खालचा स्वर एफ असतो. हेंडेल आणि टेलेमान या संगीतकारांचे रेकॉर्डरसाठीचे सोनाटे मुख्यतः आल्टोसाठी आहेत. पंजा मोठा असेल आणि सोप्रानोचा तीव्र आवाज कानाला बोचत असेल, तर मोठ्या माणसाने थेट आल्टोपासून सुरुवात करायलाही हरकत नाही. बोटांची ठेवण तीच राहते, फक्त सोप्रानोवर ज्या बोटांनी सी वाजतो त्याच बोटांनी आल्टोवर एफ वाजतो.

पहिलं वाद्य प्लास्टिकचंच बरं. चांगल्या कंपनीचा प्लास्टिकचा रेकॉर्डर सुरात असतो, धुता येतो आणि पावसाळ्यात फुगत नाही. लाकडी वाद्य नवं असताना रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजवून हळूहळू सरावाचं करावं लागतं. नवशिक्याने तो व्याप करू नये. स्वस्त लाकडी रेकॉर्डर तर टाळाच, त्याचे स्वर एकमेकांशी जुळतीलच याचा भरवसा नसतो.

दुकानात एक गोष्ट आवर्जून विचारा: भोकांची ठेवण बरोक (जुन्या धर्तीची) की जर्मन? विसाव्या शतकात रेकॉर्डर नव्याने वापरात आला तो इंग्लंडमध्ये अर्नोल्ड डोलमेच यांच्यामुळे. त्यांनी १९१९ मध्ये जुन्या नमुन्यावरून वाद्य बनवलं. पुढे १९२६ मध्ये जर्मनीत पीटर हार्लान यांनी एफ हा स्वर सोपा करण्यासाठी भोकांची मापं बदलली, तीच जर्मन पद्धत. सोय एका स्वराची झाली, पण एफ शार्प, म्हणजे एफच्या अर्धा स्वर वरचा, कठीण आणि बेसूर होऊन बसला. आपल्याला हा सौदा परवडत नाही. पुढे आपण जी, म्हणजे पांढरी पाच, हा षड्ज धरणार आहोत आणि त्याचा शुद्ध निषाद एफ शार्पच आहे. बरोकच घ्या. ओळखायची खूण: वरून मोजलं तर बरोकमध्ये चौथं भोक पाचव्यापेक्षा लहान असतं, जर्मनमध्ये पाचवं चौथ्यापेक्षा लहान. यामाहाच्या मॉडेलांमध्ये वायआरएस-२४बी बरोक आहे, तर वायआरएस-२३ जर्मन.

जोडणी आणि धरण्याची पद्धत

वाद्याचे तीन भाग असतात: डोकं, मधली नळी आणि पाय. जोडताना सरळ दाबू नका, पिळत पिळत बसवा. डोक्यावरची खिडकी आणि पुढची भोकं एका रेषेत ठेवा. पायाचा तुकडा मात्र उजवीकडे थोडा फिरवा, म्हणजे करंगळी न ताणता शेवटच्या भोकावर पोचेल. सांधा घट्ट असेल तर सोबत मिळणारं क्रीम अगदी थोडं लावा. खिडकीच्या कडेला बोट, कापड, पिन काहीही लावू नका. ती कड बिघडली की सगळं वाद्य बिघडतं.

डावा हात वर, उजवा खाली. डावखुऱ्यांनीही असंच धरायचं, कारण खालची भोकं त्या हिशोबानेच पाडलेली असतात. डाव्या अंगठ्याचं भोक मागे असतं, त्याला ० म्हणू. डावी तर्जनी १, मधलं बोट २, अनामिका ३. डावी करंगळी मोकळी. उजवी तर्जनी ४, मधलं बोट ५, अनामिका ६, करंगळी ७. उजवा अंगठा मागून साधारण ४ आणि ५ च्या मध्ये टेकवायचा. सगळी भोकं उघडली तरी वाद्य पडत नाही ते याच्या आणि खालच्या ओठाच्या आधारावर.

भोक बोटाच्या टोकाने नाही, पेराच्या मऊ गादीने झाका. बोटं जवळजवळ सपाट, थोडीशी वाकलेली. नखं वाढलेली असतील तर कापा, विशेषतः डाव्या अंगठ्याचं. दाबायची गरज नाही, नुसतं टेकवलं तरी भोक बंद होतं. दाबणारं बोट ताठ होतं आणि ताठ बोट वेळेवर उठत नाही. उचललेलं बोटही भोकापासून दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा वर नेऊ नका, जिथून उठलं त्याच भोकावर तरंगत ठेवा.

वाद्य शरीराशी साधारण ४५ अंशांत असावं. टोक ओठांत जेमतेम सेंटिमीटरभर, दात लावायचे नाहीत. कोपर बरगड्यांना चिकटवू नका आणि मान वाद्याकडे वाकवू नका, वाद्य तोंडापर्यंत आणा.

फुंक

पहिले दोन दिवस नुसतं डोकं वेगळं काढून वाजवा. आरशावर वाफ धरवताना श्वास जसा उबदार आणि संथ सोडतो, तसा सोडा. गरम चहावर फुंकतो तसा गार, टोकदार झोत इथे चालत नाही. गाल फुगवू नका. आता खालचं टोक तळव्याने बंद करून पुन्हा फुंका, स्वर बराच खाली जाईल. बंद आणि उघडं अशा दोन्ही स्थितींत आवाज आठ मात्रा न थरथरता टिकला पाहिजे. मात्रेची गती मिनिटाला ६०.

मग मुद्दाम फुंक कमी करत जा, स्वर मरायला लागेल तिथपर्यंत. परत वाढवा, तो चिरकायला लागेल तिथपर्यंत. या दोन टोकांमधली जागा लहान आहे आणि तीच कानाने ओळखायची आहे. कोणत्या क्षणी स्वर गोल आणि भरलेला वाटतो हे एकदा कळलं की पुढचे निम्मे दोष उद्भवतच नाहीत. फोनवरचं ट्यूनर ॲप मदतीला घ्या, पण काट्याकडे बघत फुंकू नका. आधी डोळे मिटून स्वर लावा, स्थिर वाटल्यावर काटा बघा.

सोप्रानोला हवा फार थोडी लागते. बासरीवाल्यांचा दम संपतो, इथे उलट होतं. छातीत वापरलेली हवा साठून राहते आणि गुदमरल्यासारखं वाटतं. म्हणून ओळीच्या शेवटी आधी उरलेली हवा सोडून द्या, मग नवा श्वास घ्या. आणि श्वास भरगच्च घेऊ नका. पोटभर हवा घेऊन ती अडवत फुंकलं की स्वर कापतो.

जीभ

प्रत्येक स्वराची सुरुवात जिभेने करायची, गळ्याने किंवा फुंकेच्या झटक्याने नाही. इंग्रजी पुस्तकांत यासाठी ‘टू’ किंवा ‘डू’ म्हणायला सांगतात. मराठी माणसाने ते जसंच्या तसं घेतलं तर जीभ ट, ड च्या जागी, टाळूवर मागे वळते आणि आवाज जड, थबकता होतो. इंग्रजीतले ते उच्चार आपल्या ट, ड इतके मागचे नाहीत. आपल्यासाठी ‘तू’ आणि ‘दू’ जास्त जवळचे. ‘ल’ म्हणताना जीभ वरच्या दातांमागे जिथे टेकते तिथेच तिचं टोक टेकवा आणि हलकेच ‘दू’ म्हणा. ‘थू’ नको, थ मध्ये हवेचा स्फोट असतो आणि तो स्वराच्या तोंडाशी ‘फस्स’ असा ऐकू येतो. महाप्राण नसलेला त आपल्या जिभेला आयताच येतो, तो वापरून घ्या.

खालच्या स्वरांना ‘दू’ मऊ, वरच्यांना ‘तू’ थोडा कडक. फुंक सतत चालू, जीभ फक्त क्षणभर तिला अडवते. नळाच्या धारेतून बोट फिरवावं तसं.

पहिले स्वर

० आणि १ झाकले की बी. त्यात २ जोडलं की ए. त्यात ३ जोडलं की जी. जी हा सा मानला तर हे अनुक्रमे ग, रे, सा होतात. तानपुरा ॲपवर पांढरी पाच लावा आणि सुरुवात वरून करा: ग, रे, सा. प्रत्येक स्वर चार मात्रा. मग सा रे ग, ग रे सा. मग सा ग रे ग सा. दोन स्वरांच्या मध्ये तिसराच किडका आवाज येत असेल तर बोटं एका वेळी पडत नाहीत. गती निम्मी करा.

पुढचा स्वर वरचा सी, आपला मध्यम: ० आणि २. तर्जनी उघडी, मधलं बोट बंद. ए या स्वरावरून जाताना फक्त १ उचलायचं असतं, ते सोपं आहे. बीवरून जाताना मात्र १ उठतं त्याच क्षणी २ बसायला हवं. जरा मागेपुढे झालं की मध्ये भलताच स्वर डोकावतो. हा बदल संथपणे रोज वीस वेळा करा, आधी बोटं नुसती वाद्यावर हलवून आणि मग फुंकून.

वरच्या सीमधून अंगठा काढला की वरचा डी, म्हणजे आपला पंचम. इथे भोकावर फक्त २ उरतं आणि वाद्य हातात डुगडुगतं. घाबरून डावा हात आवळला जातो आणि पुढचा स्वर उशिरा येतो. अशा वेळी तोल उजव्या अंगठ्यावर आणि खालच्या ओठावर घ्या. उजव्या हाताची बोटं भोकांच्या वर तयार ठेवा, पण टेकवू नका.

सा रे ग म प एवढे पाच स्वर हाताशी आले की अलंकार सुरू करा: सारेग, रेगम, गमप आणि उलट. हार्मोनियमवर जे अलंकार शिकवतात तेच इथे चालतात. महिनाभर याहून जास्त काही केलं नाही तरी बिघडत नाही.

उजवा हात आणि हवा गळणारी भोकं

बहुतेकांची गाडी इथे अडते. जी धरा, त्यात ४ आणि ५ एकदम टेकवा: खालचा ई, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला धैवत. त्यात ६ जोडा: डी, मंद्र पंचम. त्यात ७ जोडा: सी, सगळ्यात खालचा. प्रत्येक पायरीला फुंक थोडी आणखी संथ करायची. वरच्या स्वरांची फुंक घेऊन सी वाजवायला गेलात तर तो शिट्टी मारून वर पळणारच.

फुंक मऊ असूनही खालचा स्वर लागत नसेल, तर कुठलं तरी भोक गळतं आहे. गंमत अशी की दोष बहुधा नव्याने ठेवलेल्या बोटात नसतो. उजवा हात पसरताना डाव्या हाताची अनामिका किंवा अंगठा केसभर सरकलेला असतो. तपासायची युक्ती: सगळी बोटं ठेवून दहा सेकंद नेहमीपेक्षा जरा जास्त दाबा, मग हात उलटा करून पाहा. प्रत्येक पेरावर पूर्ण गोल वळ उमटला पाहिजे. जिथे चंद्रकोर दिसेल ते बोट चोर. लहान मुलांची अनामिका ३ आणि ६ वर नीट पोचत नसेल तर ताणायला लावू नका. सात-आठ वर्षांच्या बहुतेक मुलांना सोप्रानो झेपतो. त्याहून लहान हातांना वरचे पाचच स्वर पुरे.

६ आणि ७ च्या जागी बहुतेक वाद्यांवर दोन-दोन छोटी भोकं असतात. दोन्ही झाकली की पूर्ण स्वर, त्यातलं एक उघडं ठेवलं की अर्धा स्वर वर. सुरुवातीला बोट दोन्हींवर मधोमध पडतंय एवढंच बघा.

आता एफ. ४ पर्यंत झाकून एफ यायला हवा असं वाटतं, पण बरोक वाद्यावर तो चढा लागतो. म्हणून ५ उघडं ठेवून खाली ६ आणि ७ झाकायचे: ० १२३ ४ ६७. असं मधलं भोक सोडून खालची झाकण्याला काट्याची बोटं म्हणता येईल. उघड्या भोकाखालची नळी झाकली की स्वर थोडा उतरतो आणि सुरात येतो. एफ शार्पसाठी ४ उघडं आणि ५, ६ बंद: ० १२३ ५६. वरच्या बाजूला बी फ्लॅट, आपला कोमल गंधार, तोही याच जातीचा: ० १ ३४. जी हा सा धरला तर एफ हा कोमल निषाद आणि एफ शार्प हा शुद्ध निषाद, दोन्ही मंद्रातले. म्हणजे बिलावल आणि काफी थाटाची वाट मोकळी झाली. कोमल रिषभाला ० १२ ४५ लागतात आणि त्यात ६ चं अर्धं भोकही झाकावं लागतं. तो घाईने शिकू नका.

अंगठ्याची फट

वरचं सप्तक जोरात फुंकून काढायचं नसतं. अंगठ्याचं भोक किंचित उघडलं की हवेचा स्तंभ आपणहून वरच्या स्वरात जातो. किंचित म्हणजे भोकाचा दहावा भाग, जेमतेम नखाच्या जाडीएवढी फट. अंगठा सरकवू किंवा उचलू नका, सांध्यात वाकवा म्हणजे नखाची कड भोकात टेकेल आणि वर बारीक चीर उरेल.

शिकायची सगळ्यात सोपी रीत: खालचा ई धरा, लांब वाजवा आणि बाकीची बोटं तशीच ठेवून अंगठा वाकवा. स्वर वरच्या ईवर, म्हणजे मध्य धैवतावर गेला पाहिजे. परत खाली या. मग हेच जी आणि ए या स्वरांवर करा. वरचा स्वर फाटका येत असेल तर फट मोठी आहे. येतच नसेल तर फट बंद झाली आहे किंवा फुंक फारच ढिली आहे. वर जाताना झोत थोडा वेगवान हवा, पण जास्त हवा नको.

वरचा ई लागला की भूप पूर्ण होतो: जी, ए, बी, वरचा डी, वरचा ई आणि वरचा जी. ‘ग रे सा ध, सा रे ग, प ग, ध प ग रे सा’ ही रागाची ओळख सांगणारी ओळ रेकॉर्डरवर छान बसते, कारण तिच्यात काट्याचं एकही बोट नाही. पहिला ध मंद्रातला, शेवटच्या तुकड्यातला मध्य सप्तकातला. त्यापाठोपाठ दुर्गा घ्या: जी, ए, वरचा सी, डी, ई. मींडेची मात्र या वाद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. बोट हळूहळू कडेने गुंडाळत उचललं तर शेजारच्या स्वरापर्यंत घसरता येतं, पण त्याबरोबर फुंक सांभाळणं हे वर्षभराच्या सरावानंतरचं काम आहे.

पाणी, बुरशी, सूर

वाजवता वाजवता आवाज घोगरा झाला आणि मग बंद पडला, तर वाद्य बिघडलेलं नाही. फटीत वाफेचं पाणी साठलं आहे. गार प्लास्टिकवर उबदार श्वास आदळला की हे होणारच. एसी खोलीत आणि हिवाळ्यातल्या सकाळी जास्त. आधीच पाच मिनिटं डोकं मुठीत किंवा काखेत धरून गरम करा. मध्येच अडलं तर झटक्याने आत श्वास ओढून पाणी काढा. किंवा खिडकीवर बोट अलगद आडवं धरून, कडेला न दाबता, जोरात फुंका. प्लास्टिकच्या वाद्यात पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब घालून तो फटीतून वाहू द्या आणि न धुता वाळू द्या. मग पाण्याचे थेंब न बनता पातळ थर पसरतो आणि वाट अडत नाही.

वाजवून झाल्यावर तिन्ही भाग वेगळे करा, काठीला सुती फडकं गुंडाळून आतून पुसा आणि उघड्यावर वाळवा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात ओलं वाद्य पिशवीत बंद केलं की दोन दिवसांत वास येतो आणि बुरशी धरते. प्लास्टिकचं वाद्य कोमट पाण्याने धुवा, उकळत्या नको. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. एकाचं वाद्य दुसऱ्याने तोंडाला लावू नये, वर्गात तर अजिबात नाही.

वाद्य गरम झालं की सूर थोडा चढतो. दोघं मिळून वाजवत असाल तर आधी पाच मिनिटं वाजवून घ्या, मग सूर जुळवा. ज्याचा चढा आहे त्याने डोकं एक-दोन मिलिमीटर बाहेर ओढायचं. उतरलेल्या वाद्याला वर आणायची अशी सोय नाही, म्हणून नेहमी खालच्याला प्रमाण मानायचं.

सराव रोज पंधरा मिनिटं सकाळी आणि पंधरा संध्याकाळी असा तोडून करा. रविवारी दोन तास एकदम बसण्यात बोटं आवळतात आणि कान थकतात. त्यातली पहिली पाच मिनिटं फक्त लांब स्वरांना द्या, एक स्वर आठ मात्रा, तानपुऱ्यासोबत. आठवड्यातून एकदा फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐका. वाजवताना न जाणवलेले, ओळीच्या शेवटी श्वास संपत आल्यावर उतरणारे स्वर तिथे हमखास सापडतात. त्या जागी श्वासाची खूण करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी एक स्वर आधीच श्वास घेता येईल.